उलटं वाचणारा

अर्जावर एक रेघ असते, वकिलाच्या नावाची.
तिथे मी माझंच नाव सांगितलं:
शेषराव लिंबाजी बनसोडे, स्वतः.
टायपिंगवाली पोर थांबली. काका, वकील?
म्हटलं, वकिलाला द्यायला असते
तर हे पैसे मागत कशाला फिरलो असतो.
ती हसली नाही. पानाला दहा रुपये, म्हणाली,
आणि डावीकडे समास जास्त सुटतो, कोर्टाचा नियम.

समास मला नको शिकवू, बाई.
सव्वीस वर्षं खिळे जुळवले,
जालन्यात, कादराबादच्या बोळात, ट्रेडलच्या शेजारी:
बियाण्यांची लेबलं, पतपेढीचे अहवाल,
दहाव्याची पत्रं, आणि उन्हाळाभर लग्नं.
कोऱ्या जागेतही शिसं भरावं लागतं,
नाहीतर ओळ सांडते.

मग कॉम्प्युटर आला.
ग्रॅच्युइटीचं विचारलं तर मालक म्हणाले, बघू.
त्या 'बघू'वर मी अकरा महिने काढले.
म्हणून पहिला अर्ज विलंबमाफीचा.
कारण: विश्वास, असं लिहिलं होतं मी.
झाडाखालच्या अर्जनविसानं ते खोडलं.
त्याचा बाप निजामाच्या वेळी उर्दूत मिसली लिहायचा.
'गैरसमजुतीने' लिहा, म्हणाला, तेच असतं,
आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

पहिल्या पेशीला साहेब रजेवर.
दुसऱ्या पेशीला वकिलांचा बहिष्कार.
माझी बाजू मीच मांडणार होतो,
तर मीही बाहेर बसायचं होतं का, कळलं नाही.
बसलो. मोसंबी सोलून खाल्ली.

तिसऱ्या वेळी हुकूम झाला:
विरुद्ध पक्षाने म्हणणे द्यावे.
म्हणणे!
किती साधा शब्द. मी हजारदा जुळवला असेल,
माझं कधी कुणी मागितलं नव्हतं.
मालकांचं आलं, चार पानी:
अर्जदार कायम कामगार नव्हता. येत असे, जात असे.

पुरावा काय, साहेबांनी विचारलं.
मी पिशवीतून पत्रिका काढल्या, एकोणचाळीस,
लोकांच्या ट्रंकांतून मागून आणलेल्या.
म्हटलं, हा ळ बघा, साहेब, पोटात तुटलेला.
मोठ्या टायपात ळ दोनच होते, एक धड, एक मोडका.
'स्थळ' आणि 'वेळ' शेजारी आले
की मोडका लावावाच लागायचा.
मी तो नेहमी 'वेळ'मध्ये लावला.
साहेब बराच वेळ बघत राहिले.
यावरून तुम्ही कायम होता हे कसं ठरतं?
मला उत्तर आलं नाही.
निशाणी सतरा, ते म्हणाले, ठेवून घ्या.

त्यानंतरची एक तारीख.
पुकारा झाला, मी पुढे जाऊन टेबलाशी उभा राहिलो.
कारकुनानं वकिलांच्या बाकांकडे बघितलं,
माझ्या बाजूनं काळा कोट उठला नाही,
आणि तो रोजनामा लिहू लागला.
कागद माझ्याकडून उलटा.
लोकांना उलटं वाचता येत नाही.
मला सुलटंच जरा जड जातं.
अर्जदार गैरहजर, त्यानं लिहिलं,
रफार नाही, जोडाक्षर नाही, स्वच्छ अक्षर.

साहेब, मी म्हटलं, मी हजर आहे.
कोर्ट थांबलं. पंखा तेवढा फिरत होता.
तुम्ही वाचलं कसं?
पोटाचा धंदा होता, साहेब.

त्यानं 'गैर' खोडलं, बाजूला सही केली.
दोन अक्षरं उचलली की ओळ ढिली होते,
तिथे काहीतरी भरावं लागतं.
पण ते त्याचं काम.

आता एकोणीस तारीख. मालकांचा उलटतपास.
त्या शब्दाला मी आधी घाबरलो होतो,
आता वाटतं, उलटं तर उलटं.
अकरा प्रश्न लिहिलेत, समास सोडून.
सव्वीस वर्षं ते मला 'ए कंपोज' म्हणत.
प्रश्न पहिला: माझं पूर्ण नाव सांगा.
बाकीचे दहा
ते काय सांगतात त्यावर.